कु. आरती, कासार गल्ली, किल्लारी

१

मेलेल्या माणसांच्या नावानं आलेली पत्रं अनंतरावांनी पुष्कळ पाहिली होती. एकोणचाळीस वर्षं टपाल खात्यात घालवलेल्या माणसाला त्याचं नवल राहत नाही. पण मेलेल्या पोरीला दहावीत त्र्याण्णव टक्के पडल्याचं पत्र त्यांनी त्या मंगळवारी पहिल्यांदाच पाहिलं.

पत्र घेऊन आल्या होत्या किल्लारीच्या पार्वतम्मा. वय सत्तरीच्या पुढं, डावा पाय अधू, तरी सकाळच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बाई लातूरला आल्या होत्या. नेसणीला ठेवणीतलं इरकल होतं. लग्नाकार्याशिवाय हे लुगडं ट्रंकेतून निघत नाही, एवढं अनंतरावांना ठाऊक होतं. भूकंप झाला तेव्हा आणि त्याआधी चार वर्षं ते किल्लारीचेच पोस्टमास्तर होते.

"मास्तर, तुम्ही पोस्टातले," पार्वतम्मा म्हणाल्या. "हे खरं का खोटं तेवढं सांगा. मग मी जाते."

पाकीट जाड, गुळगुळीत. कोपऱ्यात नांदेडच्या 'ध्रुवपद क्लासेस'चं चिन्ह. आत छापील पत्र होतं. 'आपली कन्या कु. आरती हिने दहावीच्या परीक्षेत ९३.६० टक्के गुण मिळवून किल्लारीचे नाव उज्ज्वल केले, त्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन. तिच्यासाठी आमच्या विज्ञान तुकडीत एक जागा राखून ठेवली आहे. येत्या गुरुवारी आमची मोफत गाडी आपल्या दारी येईल.'

आरती गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. चौथीत होती. त्याला आता चोवीस वर्षं होत आली.

"पार्वतम्मा, हे क्लासवाले लोक..." अनंतरावांनी सुरुवात केली आणि तिथंच थांबले. कारण बाईंच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं, आशेसारखं.

"मी तिला बघितलं न्हाई, मास्तर. माझा पाय तुळईखाली. मला मिलिटरीच्या गाडीतून सोलापूरला नेलं. महिन्यानं आले तर समदे म्हणले, आरती गेली, अग्नी दिला. कुणी बघितलं? कुणी सांगंना. तवा लेकरं कुठल्या कुठं नेली होती. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. म्हणून म्हणते, नांदेडला कुणाला ठाऊक असंल तर..."

"पण दहावी, पार्वतम्मा? ती आज तेहेतीस वर्षांची असती."

"त्ये मला बी कळतंय. मी येडी न्हाई." बाईंनी पत्र हातातून काढून घेतलं आणि नीट घडी घातली. "पण कुणीतरी तिचं नाव सांगितलंय. कुणी सांगितलं त्ये मला पाहिजे. न्हाईतर गुरुवारी मी त्या गाडीत बसून नांदेडला जाते आन् त्यास्नीच इचारते."

"शिवशंकरला दाखवलंत?"

"न्हाई. त्याला नांदेडवाल्यांचं नाव काढलेलं खपत न्हाई. तुम्हीच दाखवा."

शिवशंकर हा त्यांचा मुलगा. लातुरातल्या 'उंबरठा अकॅडमी'चा मालक. स्वतः पोरं गोळा करणारा क्लासवाला, आणि त्याच्याच मेलेल्या बहिणीला दुसऱ्या क्लासचं आमंत्रण. अनंतरावांनी पाकीट मागून घेतलं आणि सवयीनं पत्ता वाचला. कु. आरती, कासार गल्ली, वेशीजवळ, किल्लारी.

नव्या किल्लारीत गल्ल्या नाहीत, आखीव रस्ते आणि घर नंबर आहेत. कासार गल्ली त्या भूकंपात गेली आणि पुन्हा बांधली गेलीच नाही. आजच्या दहावीच्या पोरांनी तिचं नावही ऐकलेलं नसणार.

२

जूनमध्ये लातुरात झाडांपेक्षा फ्लेक्स जास्त असतात. चौकाचौकांत हसऱ्या पोरांचे चेहरे, खाली टक्के, त्याखाली सरांचा चेहरा पोरांपेक्षा मोठा. अनंतरावांना हा प्रकार मुळीच आवडत नसे. त्यांच्या काळी निकाल पोस्टानं यायचा आणि रडायचं असेल तर घरातल्या घरात रडता यायचं.

उंबरठाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. शिवशंकर सर टेबलामागं बसले होते आणि समोर त्यांची तीन माणसं खालमानेनं उभी होती. टेबलाच्या उघड्या खणात तीन मोबाइल पडले होते. मास्तरांना पाहून शिवशंकर उठून उभा राहिला. हा मुलगा अकरावीत असल्यापासून त्यांच्या पाया पडायचा, आजही पडला.

"बसा मास्तर. घरातच चोरी झालीय आमच्या. गावोगावच्या पोरांची यादी फुटली. चार हजार नावं. रविवारपासून नांदेडवाले आमच्याच पोरांना मेसेज करायलेत."

"कशावरून कळलं?"

"कळतं," शिवशंकर तुटक म्हणाला.

यादी हा उंबरठाचा प्राण होता. इतर क्लासवाले एक तर फ्लेक्स लावत किंवा फेसबुकवर जाहिरात देत. शिवशंकरनं एकदम तीन वाटांनी एकाच घरात शिरायची युक्ती काढली होती. आधी समोर उभ्या तिघांतला अंबरीश 'तुमच्या गावचा हुशार कोण?' अशी प्रश्नमंजूषा गावच्या ग्रुपांवर सोडायचा. ती दहा जणांना पुढं पाठवली की सराव परीक्षा फुकट, त्यामुळं एका रात्रीत ती चाकूरहून मुरुडला आणि मुरुडहून निलंग्याला पोचायची. त्यात नाव भरलं की मालविका त्या पोराच्या मोबाइलवर रोज सरांचा व्हिडिओ पाठवायची. आणि पाचव्या दिवशी अण्णाराव जीप घेऊन दारात हजर, हातात पोराच्या नावाचं पत्र. एवढं झालं की बापाला वाटायचं, लातूर आपणहून आपल्या घरी चालत आलं. तिघांची माहिती शिवशंकर एकत्र करायचा आणि पुन्हा तिघांना एकेक प्रत द्यायचा. त्याहून कुणाला नाही. म्हणजे चोर या तिघांतलाच.

अनंतरावांनी पाकीट टेबलावर ठेवलं. शिवशंकरनं वरचं नाव वाचलं. त्याचा हात पाकिटावर तसाच राहिला.

"हे... कुठं आलं?"

"तुझ्या आईच्या हातात. पत्ता कासार गल्लीचा, पण तुमच्या गावचा पोस्टमन मन्मथ जुना माणूस. त्यानं बरोबर पोचवलं."

"अव्वाच्या हातात," शिवशंकर हळू म्हणाला. मग विचारलं, "आत टक्के किती लिहिलेत?"

"त्र्याण्णव पॉइंट साठ."

मग शिवशंकरनं खणातून दोन मोबाइल काढून मालविकाला आणि अंबरीशला परत दिले. "जा, कामाला लागा," म्हणाला. तिसरा, अण्णारावांचा बटणांचा जुना फोन, खणातच राहिला. अण्णाराव मान खाली घालून मागच्या खोलीत निघून गेले.

"तुझी आई गुरुवारी त्या गाडीत बसायचं म्हणते," अनंतराव म्हणाले. "आरतीचं नाव कुणी सांगितलं ते कळल्याशिवाय ती थांबणार नाही. मी शोधू?"

"नका शोधू, मास्तर," शिवशंकर खिडकीकडं पाहत म्हणाला. "मी बघतो."

यादी फुटली म्हणून सकाळपासून माणसांना उभं करून फाडून खाणारा हा गडी अचानक चोर शोधू नका म्हणतो, हे काही अनंतरावांच्या पचनी पडलं नाही.

३

त्यांनी आधी मालविकाला गाठलं. पोरगी नांदेडची, वजिराबादेत घर, बोलायला फटकळ.

"माझ्यावरच संशय असणार, काका. नांदेडची ना मी. रोज तिकडून फोन येतात ते माझ्या आईचे. जेवलीस का विचारायला."

"ही आरती तुझ्या यादीत आहे का?"

तिनं कॉम्प्युटरवर शोधून दाखवलं. आरती, किल्लारी, दहावी, ९१.४० टक्के. शेजारी मोबाइल नंबरही होता. अनंतरावांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. एक्याण्णव पॉइंट चाळीस.

"आहे की. मी तिला सहा व्हिडिओ पाठवलेत," मालविका सहज म्हणाली. "उत्तर देत नाही. पण वाचते. प्रत्येक मेसेजवर निळ्या खुणा येतात, बघा."

अनंतरावांनी पाहिलं. खरंच निळ्या खुणा होत्या. सहाच्या सहा मेसेज कुणीतरी वाचले होते. चोवीस वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीच्या नावानं आलेले मेसेज कुणीतरी जिवंत माणूस उघडत होता. त्यांनी नंबर डायरीत उतरवून घेतला.

अंबरीश बाहेर गॅलरीत चहा पीत होता. पोरगा पंचवीसचा, केसांचा तुरा काढलेला, सगळ्या जगाला आपण फिरवू शकतो असं वाटणाऱ्या वयातला.

"मी कशाला यादी चोरू, सर? माझी प्रश्नमंजूषा एकदा सोडली की नांदेडवाल्यांच्या घरीसुद्धा फिरते. यादी आपोआप जमते. पण ती आरती माझ्याकडून आलेली नाही. प्रश्नमंजूषेत गल्ली विचारतच नाही आम्ही, फक्त गाव आणि नंबर."

"तुझ्या प्रतीत तिला टक्के किती?"

त्यानं मोबाइलवर बोट फिरवलं. "अठ्ठ्याऐंशी पॉइंट वीस."

एकच मुलगी, एकच परीक्षा, आणि तीन कागदांवर तीन निकाल. बोर्डाचा गोंधळ अनंतरावांना माहीत होता, पण बोर्डसुद्धा इतका गोंधळ घालत नाही.

अण्णाराव मागच्या खोलीत पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसले होते. साठीतला शांत माणूस. मूळ किल्लारीचे, भूकंपाच्या वेळी तिथल्या शाळेत लेखनिक होते. गेली अकरा वर्षं उंबरठाची जीप त्यांच्या हाती होती. लातूर जिल्ह्यातलं असं गाव नाही, जिथं अण्णारावांना चहा मिळत नाही.

"तुमची प्रत दाखवता?" अनंतरावांनी विचारलं.

"जीपमंदी हाय. आन् जीप आता माझ्याकडं न्हाई." अण्णारावांनी पत्रकांचा गठ्ठा बोटानं सरळ केला. "सर म्हणले, अण्णा, आता गावागावांत हिंडायचा जमाना गेला. समदं मोबाइलवर. पुढच्या महिन्यापासून तुम्ही खाली दारात बसा, टोकन वाटा."

"वाईट वाटलं?"

"वाटून काय करता. अकरा वर्षं लोकांची लेकरं आणली मी. लोक मला बघून पोरगी धाडायचे, सरांना बघून न्हाई. जाऊ द्या." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मास्तर, पार्वतम्मा लई रडल्या का वो?"

"रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खूश आहेत."

अण्णारावांचा चेहरा पांढरा पडला. ते गठ्ठ्यावरून उठले आणि पाठ फिरवून पत्रकं मोजू लागले.

४

गुरुवारी सकाळी अनंतराव किल्लारीत पार्वतम्मांच्या ओट्यावर बसले होते. बाई तयार होत्या. तेच इरकल, हातात पिशवी, पिशवीत फराळाचा डबा.

"नांदेडला कुणासाठी डबा?" अनंतरावांनी न राहवून विचारलं.

"माझ्यासाठीच. म्हातारीला वाटंत भूक लागती," बाई म्हणाल्या. पण डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते आणि पार्वतम्मांना दात नव्हते. अनंतरावांनी मान दुसरीकडं वळवली.

दहाच्या सुमारास भोंगा ऐकू आला. 'ध्रुवपद, नांदेड! आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी!' पांढरी जीप रस्त्याच्या टोकाला वळली. पहिल्या घरापुढं थांबली, चौथ्यापुढं थांबली. पोरं धावली, बाया दारात आल्या. अनंतराव उठून उभे राहिले. बाईंना हाताला धरून अडवायची त्यांची तयारी होती.

अडवायची वेळच आली नाही. पार्वतम्मांचं घर दोन घरांवर आलं तसा भोंगा बंद झाला. जीप आवाज न करता, हळू, त्यांच्या दारावरून पुढं गेली. बाईंनी हात वर केला. ड्रायव्हरनं पाहिलं आणि नजर काढून घेतली. पुढच्या वळणाला भोंगा पुन्हा सुरू झाला.

पार्वतम्मा हात तसाच धरून उभ्या होत्या. "मला बघून थांबली न्हाई," त्या म्हणाल्या. "मास्तर, बघून थांबली न्हाई वो."

अनंतराव त्या वयात धावले. पुढच्या थांब्यावर त्यांनी जीप गाठली आणि ड्रायव्हरला धाप टाकतच विचारलं.

"आपल्याला काय माहीत, काका," ड्रायव्हर म्हणाला. "बारा घरांना पत्रं गेली. अकरा घरी थांबा म्हणले. त्या एका घरी थांबायचं न्हाई, आन् समोरून जाताना भोंगा बी बंद ठेवायचा. रस्ता ज्यानं आखून दिला त्यानं दोनदा बजावून सांगितलंय."

अनंतराव रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. पत्र पाठवणाऱ्याला आरती मेलेली ठाऊक नव्हती. जीप पाठवणाऱ्याला ती पक्की ठाऊक होती. एकाच क्लासला एकच गोष्ट ठाऊक होती आणि नव्हतीही. ते तिथं बराच वेळ बसले आणि उठले तेव्हा त्यांना चोर कळला होता. वाईट हे, की चोराच्या पलीकडचंही कळलं होतं.

५

"दार लावून घे," अनंतराव म्हणाले.

दुपारची वेळ होती. ऑफिसात शिवशंकर होता आणि अनंतरावांनी बोलावून आणलेले अण्णाराव. मास्तरांनी खिशातून आपला मोबाइल काढला, डायरी पाहून एकेक आकडा दाबला आणि फोन टेबलावर ठेवला.

शिवशंकरच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी थरथरलं.

"आरतीचा नंबर आहे हा," अनंतराव म्हणाले. "काढ फोन. सहा व्हिडिओ वाचलेस ना? स्वतःचेच."

शिवशंकरनं फोन काढला नाही. तो थरथरून थरथरून थांबला.

"परवाच कळायला हवं होतं मला. मेलेल्या बहिणीच्या नावाचं पत्र पाहून भाऊ काय विचारेल? कुणी पाठवलं, का पाठवलं. तू विचारलंस, टक्के किती. कारण ते नाव तूच यादीत घातलंस. कासार गल्लीचा पत्ता त्या गल्लीत वाढलेल्या माणसाशिवाय कोण लिहिणार? तिघांना तीन प्रती दिल्यास, प्रत्येकीत आरतीला वेगळे टक्के. यादी फुटली की नांदेडवाले या नंबरवर मेसेज करणार आणि तुला कळणार. रविवारी कळलंही. कुणाच्या प्रतीतून फुटली तेवढं राहिलं होतं. मी त्र्याण्णव पॉइंट साठ म्हणालो आणि तू दोघांचे मोबाइल परत केलेस. तिसऱ्याचा ठेवून घेतलास."

"मग काढून का न्हाई टाकलं मला?" अण्णारावांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"काढायचं तर पुरावा दाखवावा लागला असता," अनंतराव म्हणाले. "आणि पुरावा ही आरती होती. अण्णाराव, यादी तुम्हीच दिलीत ना?"

"मीच दिली." अण्णाराव खुर्चीवर बसले. "नांदेडच्या लोकांनी बोलावलं. म्हणले, काका, तुमच्यासारखी गावं कुणाला ठाऊक न्हाईत, तुम्ही आमच्या जीपचे रस्ते बांधा. इथं मला दारात टोकन वाटायला बसवायले. माझं डोकं फिरलं, मास्तर. यादी दिली. चूक झाली."

"पण तुम्हाला आरती ठाऊक होती. यादीत तिचं नाव दिसत होतं. ती एक ओळ खोडली असती तर कुणालाच काही कळलं नसतं."

"त्येच तर," अण्णाराव म्हणाले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "अकरा वर्षं बघत आलो मी ते नाव. मला वाटलं, सरांनी बहिणीची आठवण ठेवलीय. देवाजवळ दिवा लावतो तशी. सापळा असंल असं मनात बी आलं न्हाई. भूकंपानंतर शाळेचा हजेरीपट मीच लिहिला, मास्तर. एकशे बेचाळीस नावांवर लाल रेघ मारली. चौथीच्या वर्गात आरतीचं नाव तिसरं होतं. एकदा खोडलं तिला. परत खोडायला हात झाला न्हाई. म्हणून फक्त जीपला सांगितलं, त्या दारात थांबू नका. पत्रं कॉम्प्युटरवर एकदमच छापतात हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या."

शिवशंकरनं खणात हात घातला आणि मोबाइलच्या खालून एक जुनं पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. कडा झिजून मऊ झालेल्या. पत्ता तोच. त्यावर आडवा शिक्का होता, 'मयत. प्रेषकास परत.' खाली सही. अनंतरावांची.

मास्तरांनी ती सही ओळखली. त्या महिन्यात त्यांनी पोतंभर टपालावर तो शिक्का मारला होता. नियमच होता तसा. कार्डं वाचायची नाहीत, हाही नियम होता.

"गणपतीला घरी आलो होतो," शिवशंकर म्हणाला. "परत निघालो तर ती मागं लागली, मला पण लातूरला ने. आठवडाभर रडली म्हणे. म्हणून हॉस्टेलवरून कार्ड टाकलं. दहावी पास हो, मग नेतो. ते पोचायच्या आत..." तो थांबला. "पहिल्या वर्षी यादी केली तेव्हा आपोआप तिचं नाव टाइप झालं. लातूरला न्यायच्या पोरांची यादी होती ना. दर जूनमध्ये तिला पास करायचो मी. टक्के मीच ठरवायचो."

"मग सापळा कधी झाला?"

शिवशंकरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नंतर. एका वर्षी वाटलं, नाव आहेच यादीत, तर त्याचा उपयोगही होईल. धंदाच असा आहे, मास्तर. हाताला लागेल त्याचा उपयोग करायची सवय लागते."

अनंतरावांना त्याला बोल लावायचा होता. पण समोर पोस्टकार्ड होतं आणि त्यावर स्वतःची सही होती.

"चला," शेवटी ते म्हणाले. "तुझ्या आईला ओट्यावर तशीच सोडून आलोय मी. दोघंही चला."

६

पार्वतम्मा ओट्यावरच होत्या. पिशवी मांडीवर तशीच. अनंतरावांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. यादी, तीन निकाल, जीप, पोस्टकार्ड. शिवशंकर पायरीवर खाली मान घालून बसला होता. अण्णाराव अंगणातच उभे होते, वर यायची त्यांची हिंमत होईना.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी अण्णारावांकडं पाहिलं.

"हजेरी तुम्ही खोडली म्हणता. मग बघितलं असंल तिला."

"हाव," अण्णाराव म्हणाले. "मीच वळखलं, पार्वतम्मा. शाळेची रिबीन होती केसांत. अंगावर एक खरचटा न्हाई. झोपल्यावानी होती. मीच अग्नी दिला. तुम्ही दवाखान्यातून आलात तवा सांगायला पायजे होतं. जीभ उचलली न्हाई. तवा न्हाई सांगितलं आन् मग रोजच राहून गेलं."

पार्वतम्मांनी डोळे मिटले. चोवीस वर्षं त्या ज्या वाक्याची वाट पाहत होत्या ते इतकं छोटं होतं. इरकलाचा पदर त्यांनी तोंडावर धरला आणि मग त्या रडल्या, आवाज न करता, बराच वेळ. कुणी त्यांना गप्प केलं नाही. कुणाचा तो अधिकार नव्हता.

मग त्यांनी पदर खाली घेतला आणि डबा उघडून एक लाडू अण्णारावांना दिला, एक मास्तरांना.

"अव्वा, मी आजच तिचं नाव काढून टाकतो," शिवशंकर म्हणाला. "चुकलं माझं."

"दर साली पास केलंस तिला?"

"हो."

"चांगल्या मार्कानं?"

"हो, अव्वा."

"आन् दर साली परत दहावीतच बसवलंस." पार्वतम्मांनी गुडघ्यावरच्या पत्राची घडी उलगडली, गुळगुळीत कागदावरून हात फिरवला आणि पत्र मुलाच्या हातात दिलं. "एकदा बी पुढं जाऊ दिलं न्हाईस रं तिला. आता तेहेतीस वर्षांची असती. पत्र आलंच असतं तर तिच्या नावानं कशाला आलं असतं? तिच्या लेकराच्या नावानं आलं असतं."